शहराची शीव कोठें आहे?

दसऱ्याच्या दिवशीं गांवची शीव ओलांडावयाची आणि आपट्याचीं पानें लुटून घरीं परतावयाचें, हा आपल्याकडील जुना प्रघात होय. परंतु सीमोल्लंघनास अर्थ येतो तो शीव ठाऊक असते म्हणून. अमक्या ओढ्यापाशीं, अमक्या वडापाशीं, म्हसोबाच्या अमक्या धोंड्यापाशीं आपलें गांव संपतें, हें ज्या गांवांतील पोरासोरांसही ठाऊक असे, त्या गांवानें वर्षांतून एकदां ती मर्यादा ओलांडली तर त्यांत कांहीं पुरुषार्थ होता. आज ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथील एखाद्या विद्यार्थ्यास "तुझें शहर कोठें संपतें?" असें विचारून पाहावें. तो बहुधा पुढल्या स्टेशनाचें नांव सांगेल; पण तेथें तर दुसऱ्या शहराचा आरंभ झालेला असतो. ज्या शहरास शीव उरली नाहीं तें बारमास सीमोल्लंघन करीत असतें. मात्र त्या सोन्याची वांटणी दसऱ्याच्या सोन्यासारखी घरोघर होत नाहीं.

शहरें वाढूं नयेत असें म्हणणारांपैकीं आम्ही नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, शहराच्या कडेची मोकळी जमीन ही रिकामी जमीन नव्हे. ती शहरासाठीं रोज कांहीं काम करीत असते. त्या कामाची नोंद शहराच्या आराखड्यांत सडका व इमारती यांच्या अगोदर व्हावी. आणि ती जमीन मोकळी राखणाऱ्या शेतकऱ्यास त्याबद्दल मोल मिळावें. या दोन गोष्टींपैकीं एक करून दुसरी टाळल्यास कोणावर तरी अन्याय होतो, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

आपलीं शहरें आजचीं नव्हत. कल्याण बंदराचें नांव कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत आढळतें. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं तें घेतलें व पुढें तेथें आरमाराचीं गलबतें बांधविलीं. ठाणें हें शिलाहारांच्या वेळेपासून तळ्यांचें गांव. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास आली, दुसऱ्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली, आणि त्या दिवसापासून हीं गांवें मुंबईच्या हाताशीं आलीं. तरीही बराच काळ वाढ बेताची होती. १९८१ च्या शिरगणतींत ठाण्याची वस्ती सुमारें ३ लक्ष १० हजार भरली. २०११ मध्यें ती १८ लक्ष ४१ हजारांवर गेली. या वाढीचा कांहीं भाग १९८२ मध्यें महापालिका स्थापतांना भोंवतालचीं गांवें हद्दींत आलीं त्यामुळें दिसतो, हें खरें. परंतु तेवढ्यानें आंकड्याचा आवाका कमी होत नाहीं. कल्याण-डोंबिवलीचा आंकडा त्याच शिरगणतींत साडेबारा लक्षांच्या आसपास होता.

या वाढीची निंदा करणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. गिरगांव-दादरच्या चाळींत दुसरी खोली ज्यास परवडली नाहीं तो कारकून, तो शिक्षक, तो गिरणीकामगार डोंबिवलीस उतरला, म्हणून त्यास डोकें टेकावयास छप्पर मिळालें. फाळणीनंतर निर्वासित झालेल्या सिंधी बांधवांस याच कल्याणच्या छावणीनें आसरा दिला आणि १९४९ मध्यें तिचें उल्हासनगर झालें. ज्या घरांत बसून आम्ही हा लेख लिहितों त्याच्याखालीं, आणि ज्या घरांत आपण तो वाचीत आहां त्याच्याखालींही, एके काळीं कोणाचें तरी खाचर होतें. तेव्हां आपल्यामागून येणाऱ्यास "आतां पुरे" म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. मात्र घर बांधावें कोठें आणि बांधूं नये कोठें, हें विचारण्याचा अधिकार सर्वांस आहे, येणाऱ्यासही आहे. कारण चुकीच्या जागीं बांधलेल्या घराची शिक्षा त्यालाच प्रथम भोगावी लागते.

आतां ही जमीन काम काय करते तें पाहूं.

कल्याणच्या दक्षिणेस मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत आणि पूर्वेस उल्हास नदीच्या कांठानें जी जमीन पसरली आहे तिचे शेतकऱ्यांनीं पूर्वींपासून निरनिराळे प्रकार मानले आहेत. सखल जागीं भाताचीं खाचरें. थोड्या उंचावर वरकस. तींत नाचणी, वरी निघे, गवत वाढे, आणि राब भाजण्यास पालापाचोळा मिळे. खाडीच्या अंगास खाजण; तेथें मातीचा बंधारा घालून खारें पाणी थोपविलें कीं खार जमीन पिकास येई. त्या बंधाऱ्यांत उघाडी ठेवलेली असते. ओहोटीस ती उघडून आंतलें गोडें पाणी बाहेर जाऊं द्यावयाचें, भरतीस मिटून खारें पाणी बाहेर ठेवावयाचें. बंधाऱ्याच्याही पलीकडे कांदळवन. तें लाटेचा जोर मोडतें आणि गाळ धरून ठेवतें. कोणा इंजिनियरानें कागदावर न काढलेली, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें बसलेली अशी ही पाण्याची व्यवस्था आहे. आगरी, कोळी, ठाकूर, कातकरी अशा ज्या समाजांनीं ती सांभाळली त्यांना 'जलव्यवस्थापन' हा शब्द ऐकूनही माहीत नसेल.

भाताच्या खाचराचा बांध पिकासाठीं घातलेला असतो. परंतु त्याचें दुसरें काम शहरासाठीं होतें. थोडें त्रैराशिक मांडूं. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर केवळ दहा सेंटिमीटर, म्हणजे वितीच्या निम्म्याएवढें, पाणी उभें राहिलें तर तें एक हजार घनमीटर, म्हणजे दहा लक्ष लिटर होतें. दहा हजार लिटरांचे शंभर टँकर भरतील इतकें हें पाणी एका हेक्टरनें मुसळधार पावसाच्या ऐन घटकेस अडवून धरलें आणि मागाहून सावकाश सोडलें. खाचर बुजवून तेथें फरसबंदी केली कीं तेंच पाणी त्याच घटकेस नाल्याकडे धांवतें. नाल्यावर भराव पडलेला असतो, नदी तुडुंब असते, खाडीस भरती असते. मग पाणी तळमजल्यांत शिरतें आणि आपण म्हणतों कीं नदी शहरांत आली. वस्तुतः शहर नदींत जाऊन बसलेलें असतें.

हें केवळ तर्काचें बोलणें नव्हे. २६ जुलै २००५ च्या प्रलयाची आठवण कल्याण, बदलापूर येथील घराघरांतून आहे. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस रुळांवरच वेढली. सुमारें एक हजार उतारूंस नौदलाच्या व आपत्ति-निवारण दलाच्या जवानांनीं होड्यांतून बाहेर काढलें. ज्या नदीचें पाणी आपण पितों तिच्या कांठची सखल जमीन नदीला पसरण्यासाठीं आहे. ती आपण भूखंड म्हणून विकली तर नदी त्याची नोंद घेत नाहीं.

मोकळ्या जमिनीचें आणखी एक काम डोंबिवलीकरांस कटु अनुभवानें कळलें आहे. १९६० नंतरच्या दशकांत तेथें औद्योगिक वसाहत वसली तेव्हां कारखाने व घरें यांच्यामध्यें मोकळें अंतर होतें. अंतर हें सुद्धां एक संरक्षण असतें; त्याला पगार नको कीं दुरुस्ती नको. पुढें घरें कारखान्यांच्या कुंपणास जाऊन भिडलीं. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशीं रासायनिक कारखान्यांत जे स्फोट झाले त्यांनीं कित्येकांचे प्राण घेतले, आणि दूरवरच्या घरांच्या कांचा फुटल्या. कारखानदारांचा दोष कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण मधली जमीन कोणीं खाल्ली, हा प्रश्न दर वेळीं चौकशीच्या कागदांत मागें पडतो.

येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ठाण्याच्या एका अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचें क्षेत्र सुमारें १०४ चौरस किलोमीटर. त्याच्याभोंवतीं २०१६ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलें. येऊरच्या डोंगरांतील बांधकामांविरुद्ध तक्रार करणाऱ्या नागरिकास त्यामुळें बोट ठेवावयास जागा मिळाली. दुसऱ्या अंगास खाडी आहे. २०१५ मध्यें तिचा १६९० हेक्टरांचा भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य ठरला व २०२२ मध्यें तो रामसर यादींत गेला. कांदळवनांच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें मनाई केली आणि २०१८ च्या निकालानें ती कायम केली. हा दावा एका नागरी संस्थेनें चालविला होता. सारांश, बिबट्याला कायदा आहे, रोहिताला कायदा आहे, कांदळाला कायदा आहे. भाताच्या खाचराला मात्र तसा रक्षणकर्ता कायदा नाहीं. सातबाऱ्यावर ती शेतजमीन असते, आराखड्यांत फार तर हिरव्या रंगाचा पट्टा असतो, आणि तो रंग बदलावयास फेरबदलाची एक अधिसूचना पुरते. त्यामुळें जंगल व खाडी यांच्यामधली सगळी ओढाताण याच जमिनीवर येऊन पडते. मेट्रो, हमरस्ते, बुलेट ट्रेनचें स्थानक, नवनगरें, यांपैकीं जें जें जंगलांत जाऊं शकत नाहीं व खाडींत जाऊं शकत नाहीं, तें तें खाचरांत जातें.

हें कसें घडतें तें पाहावयाचें असेल तर कल्याणजवळील २७ गांवांचा इतिहास वाचावा. १९८३ मध्यें महापालिका झाली तेव्हां हीं गांवें तींत घातलीं गेलीं. महापालिकेचा कर द्यावा लागतो, पण पाणी, सडका, दिवे मिळत नाहींत, अशी गांवकऱ्यांची तक्रार होती. संघर्ष समिती उभी राहिली, मोठीं आंदोलनें झालीं, आणि २००२ मध्यें गांवें बाहेर काढण्यांत आलीं. मधल्या काळांत गांवांचा कारभार ग्रामपंचायतींकडे आणि नियोजनाचा अधिकार महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे अशी दुहेरी स्थिति झाली. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. येथें पाहुणा होती जमीन. परवानगी कोणाची घ्यावी हें ज्यास माहीत नव्हतें त्यानें ती घेतली नाहीं, आणि ज्यास माहीत होतें त्यानेंही घेतली नाहीं. बेकायदा चाळी व इमारती भराभर उठल्या. १ जून २०१५ रोजीं गांवें पुन्हां महापालिकेंत आलीं. २०२० च्या जूनमध्यें त्यांतील १८ गांवें वेगळी नगरपरिषद करण्यासाठीं पुन्हां बाहेर काढलीं गेलीं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत उच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द ठरविला.

सदतीस वर्षांच्या या येरझाऱ्यांत एक प्रश्न सतत गाजला: गांवें कोणाचीं? कर कोणीं वसूल करावा, निवडणूक कोणत्या सभागृहाची व्हावी, हे प्रश्न क्षुल्लक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दुसरा एक प्रश्न फारसा विचारला गेला नाहीं: त्या गांवांतील कोणती जमीन कशासाठीं राखावयाची? तो विचारला जाईपर्यंत उत्तर बाहेरून आलें. याच गांवांपैकीं दहा गांवांची मिळून १०८९ हेक्टर जमीन 'कल्याण विकास केंद्र' म्हणून निवडण्यांत आली. वरचें त्रैराशिक येथें लावून पाहावें. त्यांतील निम्मीच जमीन खाचराची धरली तरी दहा सेंटिमीटरांच्या हिशेबानें सुमारें ५४ कोटी लिटर पाणी ती एका वेळीं धरूं शकते. केंद्र बांधूं नये असें यावरून सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, या ५४ कोटी लिटरांस दुसरी जागा दाखविल्यावांचून पहिली वीट बसवूं नये.

आतां शेतकऱ्याची बाजू. ती मांडल्यावांचून हिरव्या पट्ट्याची वकिली करणें हा शहरी माणसाचा ढोंगीपणा होईल. पिकाच्या उत्पन्नांतून घर चालत नाहीं, मुलें शिकलीं तीं शेतींत राहत नाहींत, शेजारच्या शिवारांत एका गुंठ्यास मिळालेला भाव कानावर येतो, आणि आपली जमीन मात्र आराखड्यांत हिरवी. तिच्यावर स्वतःच्या मुलासाठीं दोन खोल्या काढल्या तरी नोटीस येते. गांवठाण तर आजोबांच्या वेळेएवढेंच राहिलेलें. त्यानें संतापूं नये तर काय करावें? सरकारच्या शब्दावर त्यानें विसंबावें तर आठवणी चांगल्या नाहींत. नेवाळी येथें दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं विमानांच्या धांवपट्टीसाठीं जमिनी घेतल्या गेल्या. युद्ध संपून कित्येक दशकें लोटलीं तरी त्यांचा वाद संपला नाहीं, आणि २२ जून २०१७ रोजीं तेथील शेतकऱ्यांचें आंदोलन हिंसक वळणावर गेलें. खाडीपलीकडे नव्या मुंबईसाठीं जमिनी गेल्या तेव्हां दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९८४ च्या जानेवारींत जासई येथें शेतकरी उठले, गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याची योजना आकारास आली. या इतिहासांतून गांवकरी एक धडा शिकले: जमीन बांधकामास गेली तर निदान कांहीं टक्के पदरांत पडतात, ती मोकळी राखली तर कांहींच पडत नाहीं. आमच्या मतें सर्व रोगाचें मूळ या धड्यांत आहे. जोंपर्यंत मोकळी जमीन राखणें हा तोट्याचा धंदा आहे तोंपर्यंत कोणताही हिरवा रंग नकाशावर टिकणार नाहीं.

इतर देशांनीं या बाबतींत काय केलें? एबेनेझर हॉवर्ड यानें १८९८ मध्यें उद्यान-नगरांची कल्पना ग्रंथरूपानें मांडली व १९०३ पासून लेचवर्थ हें तसें पहिलें नगर वसूं लागलें. नगराची लोकसंख्या ठरीव, भोंवतीं शेतीचा पट्टा कायमचा, आणि जमिनीची वाढलेली किंमत नगराच्याच तिजोरींत, अशी ती योजना. पुस्तकें लिहिलीं गेलीं म्हणून पट्टे राहत नाहींत, हें ओळखून लंडनच्या काउंटी कौन्सिलानें १९३५ मध्यें शेजारच्या जिल्ह्यांस रोख पैसा देऊं केला, कीं त्यांनीं शहराभोंवतालची जमीन विकत घेऊन अथवा करारानें बांधून मोकळी ठेवावी. १९३८ मध्यें त्यासाठीं खास कायदा झाला. लंडनच्या हरित पट्ट्याची स्तुति आपल्याकडे पुष्कळ ऐकूं येते. त्याची सुरुवात खिशांत हात घालून झाली, ही गोष्ट मात्र स्तुतिपाठक सांगत नाहींत.

आपल्याकडेही या विचारास कांहीं परंपरा आहे. नगररचनेचा देशांतील पहिला कायदा १९१५ मध्यें मुंबई इलाख्यानेंच केला. १९१४ मध्यें हिंदुस्थानांत आलेले स्कॉच पंडित पॅट्रिक गेडिस यांनीं कित्येक शहरांची पायीं हिंडून पाहणी केली आणि १९१९ ते १९२४ पर्यंत मुंबई विश्वविद्यालयांत समाजशास्त्र शिकविलें. आधीं पाहणी व मग आराखडा, आणि उपचार करावयाचा तो रोग्याचें जितकें अंग वांचवितां येईल तितकें वांचवून, असा त्यांचा बाणा होता. जुनीं तळीं बुजविण्याच्या ते विरुद्ध होते. ठाण्याच्या मासुंद्याकडे किंवा कल्याणच्या काळ्या तलावाकडे पाहणारास त्यांचें म्हणणें समजावून सांगावें लागणार नाहीं.

वेळेवर विचार न केल्यास काय किंमत पडते याचीं उदाहरणें आपल्या जिल्ह्यानें भरपूर दिलीं आहेत. ४ एप्रिल २०१३ रोजीं शिळफाट्याजवळ एक बेकायदा इमारत उभी होतां होतांच कोसळली; ७४ जीव गेले. कल्याण-डोंबिवलींतील बेकायदा बांधकामांच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ति अग्यार यांची समिति नेमली गेली. तिच्यापुढें ६७ हजारांहून अधिक बांधकामांची मोजदाद आली. २०२४ च्या नोव्हेंबरांत उच्च न्यायालयानें डोंबिवली परिसरांतील ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला, कारण त्यांच्या परवानग्या बनावट निघाल्या. त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांनीं कर्जें काढून, दागिने मोडून घरें घेतलीं होतीं. न्यायालयास दोष देतां येत नाहीं आणि त्या कुटुंबांसही देतां येत नाहीं. मग दोष जमिनीस लागतो काय? ज्या दिवशीं शेतांत पहिला भरावाचा ट्रक रिकामा झाला त्या दिवशीं हें थांबवावयास एक पंचनामा पुरला असता.

नागरिकांच्या खटपटीस फळ येतच नाहीं, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनीं २०१५ ची गोष्ट आठवावी. कल्याण-डोंबिवलीचा कचरा वर्षानुवर्षें आधारवाडीच्या क्षेपणभूमीवर डोंगरासारखा रचला जात होता, त्यास आगी लागत होत्या, आणि नवीं घरें मात्र वाढतच होतीं. एका नागरिकानें जनहितार्थ याचिका केली. उच्च न्यायालयानें विचारलें कीं, आहे त्या वस्तीचा कचरा उचलण्याची सोय नसतांना नवी वस्ती कोणत्या आधारावर वाढवितां? आणि त्या वर्षाच्या एप्रिलांत महापालिकेच्या हद्दींत नव्या बांधकामांस मनाई केली. एक वर्षानें ती उठली. पण आधारवाडी बंद करण्याच्या कामास त्यानें जो धक्का मिळाला तो वाया गेला नाहीं, आणि २०२१ मध्यें ती क्षेपणभूमि बंद झाली. न्यायालयानें त्या दिवशीं जो प्रश्न कचऱ्याविषयीं विचारला तोच पाण्याविषयीं, रस्त्यांविषयीं व शाळांविषयीं प्रत्येक नव्या वसाहतीच्या आधीं विचारला जावा. मात्र त्यासाठीं दर वेळीं न्यायालयाची पायरी चढावी लागूं नये.

यास्तव आमची सूचना अशी. महानगर प्रदेशाचा आराखडा किंवा शहराचा विकास आराखडा काढतांना पहिली रेघ पाण्याची असावी: नदीचा पूर कोठवर येतो, नाले कोणत्या वाटेनें जातात, खाचरें कोठें पाणी धरतात, उघाड्या कोठें आहेत. त्या रेघेच्या आंतील जमीन मोकळी राहावी, आणि ती राखणाऱ्या मालकास दर वर्षीं ठरीव भाडें मिळावें. पैसा कोठून आणावा, ही शंका रास्त आहे. प्रत्येक नव्या बांधकामावर विकास शुल्क घेतलेंच जातें. वाढीव चटई क्षेत्रासाठीं अधिमूल्य भरावें लागतें. ज्या इमारतीमुळें पाणी अडविणारी जमीन कमी होते तिच्या शुल्काचा एक हिस्सा उरलेली जमीन राखणारास द्यावा, यांत दानधर्म नाहीं. हा उघड व्यवहार आहे. त्यासोबत गांवठाणाच्या वाढीस मोकळ्या मनानें जागा द्यावी, म्हणजे शेतकऱ्याच्या मुलास स्वतःच्या गांवांत चोरून घर बांधावें लागणार नाहीं. भाडें किती असावें, किती वर्षांनीं वाढावें, हा तज्ज्ञांचा प्रश्न. परंतु भाडें शून्य असूं नये, एवढें ठरविण्यास तज्ज्ञ नको.

आणि आमच्या विद्यार्थ्यांकडे या कामाचा एक भाग खास येतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यान्वयें आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला कीं त्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, आणि त्या कोणीही लेखी कळवूं शकतो. जमिनीचा मालक असावें, पदवीधर असावें, अशी अट कायद्यानें घातलेली नाहीं. पण मसुद्याची मुदत थोडी असते, नकाशा बारीक असतो, आणि बहुतेक लोकांस आराखड्याची वार्ता कळते ती तो मंजूर झाल्यावर. तेव्हां मसुदा येण्याची वाट पाहूं नये. भूगोलाच्या तासास मोठ्या वर्गांतील मुलांनीं शिक्षकांसह शहराच्या कडेला जावें, एकदां मे महिन्यांत व एकदां जुलैंत. मे महिन्यांत कोरडा दिसणारा जो घळ नकाशांत भूखंड म्हणून रंगविलेला असतो त्यांतून जुलैंत किती पाणी वाहतें तें काठीनें मोजावें. विहिरींचें पाणी किती खोल आहे तें दोरीनें पाहावें. म्हाताऱ्या शेतकऱ्यांस विचारावें कीं, २००५ सालीं पाणी कोणत्या झाडापर्यंत आलें होतें. तें झाड अद्याप असेल तर खूण करावी, नसेल तर जागा टिपून घ्यावी. असे नकाशे दर वर्षीं एका गांवाचे याप्रमाणें शाळेंत जमा झाले तर मसुदा येईल त्या दिवशीं हरकत तयार असेल.

हरकत लिहितांना शहराच्या दुर्दशेवर निबंध लिहूं नये. तो वाचावयास अधिकाऱ्यास वेळ नसतो आणि त्यावर सुनावणींत उत्तर देणेंही त्यास सोपें जातें. गांवाचें नांव, सर्व्हे नंबर, मसुद्यांतील पान किंवा नकाशाचा अंक, त्या जागीं प्रत्यक्ष काय आहे, पाणी कोणत्या दिशेनें व किती वाहतें, आणि आपली मागणी काय, इतकेंच असावें. सोबत आपला नकाशा जोडावा, तारखेसह. पत्र दोन प्रतींत न्यावें. एक कचेरींत द्यावी, दुसरीवर पोंच घेऊन ती शाळेच्या दप्तरांत ठेवावी, आणि सुनावणीच्या दिवशीं ज्यांनीं तो नाला स्वतः पाहिला आहे त्यांपैकीं दोघांनीं तरी हजर राहावें.